गाय माजावर आलीये हे ओळखायचं कसं, आणि बांधलेल्या गोठ्यात ते निसटतं कुठं

गाय व्याली, दोन महिने झाले, तीन झाले, आणि घरात एकच वाक्य सुरू होतं की अहो ही माजावरच येत नाही. मग कुणी मिनरल मिक्श्चर सुचवतं, कुणी मोड आलेली मटकी चारायला सांगतं, आणि शेवटी डॉक्टर येतात, हात घालून तपासतात आणि सांगतात की अंडाशयावर पिवळी गाठ लागतेय, म्हणजे ही आठ-दहा दिवसांपूर्वीच येऊन गेलीये. घरातले एकमेकांकडं बघत बसतात, कारण कुणालाच काही दिसलेलं नसतं.

असं गावोगाव होतं आणि माझं ठाम मत आहे की 'येत नाही' म्हटल्या जाणाऱ्या बऱ्याच गाई येत असतात, फक्त त्या येतात तेव्हा आपण झोपलेलो असतो, डेअरीवर दूध घालायला गेलेलो असतो, किंवा ती आखूड दाव्याला बांधलेली असते आणि तिला जे दाखवायचंय ते दाखवायला जागाच नसते. खरोखर न येणाऱ्या गाईही असतात, त्यांच्याबद्दल पुढं बोलू, पण आधी बघायचं कसं ते शिकू.

तिच्या अंगात काय चालतं ते थोडक्यात. गाईचं चक्र सरासरी 21 दिवसांचं, पण 18 ते 24 मध्ये कधीही आली तरी ते नॉर्मलच. माजाच्या वेळी अंडाशयावर एक फोड मोठा होतो, त्यातून इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन रक्तात येतं आणि तेच तिचं वागणं बदलतं. पुढं तो फोड फुटून बीज बाहेर पडतं, त्या जागी ती पिवळी गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन सोडते आणि गाय शांत होते. गाभ राहिला तर गाठ टिकते, नाही राहिला तर सोळा-सतराव्या दिवसाच्या आसपास विरघळायला लागते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे 21 दिवसांपैकी इस्ट्रोजेनचा जोर असतो तो फक्त काही तास. संकरित गाईत सगळा माज साधारण 12 ते 18 तास चालतो, आणि त्यातही सगळ्यात पक्की खूण दिसायचा काळ त्याहून कमी, जास्त दुधाच्या एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन गाईत तर तो सात-आठ तासांवर येतो. भरपूर दूध देणारी गाय भरपूर खाते, तिच्या लिव्हरमधून रक्त जोरात फिरतं आणि हार्मोन लवकर वाहून जातं, त्यामुळं जिच्याकडं सगळ्यात जास्त लक्ष द्यायला पाहिजे तीच सगळ्यात कमी वेळ दाखवते.

आता ती पक्की खूण. दुसरी गाय वर चढली आणि ही जागची हलली नाही, पाय रोवून उभी राहिली, की ही माजावर आहे, याला दुसरा अर्थ नाही. लक्षात ठेवायचं ते हे की जी खाली उभी राहते ती पक्की माजावर, वर चढणारी असेल किंवा नसेलही, ती यायच्या बेतात असू शकते किंवा नुकती होऊन गेलेली असू शकते. बरेच जण वर उडणाऱ्या गाईचं नाव लिहून ठेवतात आणि खालची राहून जाते. आणि हे सगळं चालतं किती वेळ, तर एका वेळी चार-पाच सेकंद! तुम्ही कडबा आणायला वळलात तेवढ्यात झालेलं असतं. म्हणून जाता-येता नजर टाकून माज कळत नाही, थांबून बघावं लागतं.

त्या क्षणाआधी आणि नंतर ज्या बारीक खुणा दिसतात त्यांचं वजन सारखं नसतं, हे समजून घ्यायला एक छान पद्धत आहे. नेदरलँड्सच्या युट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात प्रत्येक वागण्याला मार्क दिले. सोट, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, दिसला तर 3 मार्क, बेचैनी दिसली तर 5, दुसऱ्या गाईचं मागचं अंग हुंगलं तर 10, दुसरीच्या पाठीवर हनुवटी टेकवून उभी राहिली तर 15, दुसरीवर चढली किंवा चढायला बघितलं तर 35, डोक्याच्या बाजूनं चढली तर 45, आणि वर चढू देऊन जागेवर उभी राहिली तर सरळ 100. दिवसातून ठरलेल्या वेळी अर्धा-अर्धा तास बघायचं, एका दिवसाची बेरीज 50 च्या वर गेली की गाय माजावर धरायची. आपल्याला वही-पेन घेऊन मार्क मांडत बसायची गरज नाही, पण यातून शिकण्यासारखं खूप आहे. नुसती ओरडतेय, नुसती बेचैन आहे, यावरून डॉक्टरला फोन करायचा नसतो, आणि हनुवटी टेकवणं ही जी आपल्याला काहीच वाटत नाही अशी गोष्ट, ती बेचैनीच्या तिप्पट मोलाची आहे. दोन गाई जवळ उभ्या आहेत, एकीनं दुसरीच्या पुठ्ठ्यावर हनुवटी ठेवून दाब दिलाय आणि ती दुसरी सरकून जात नाहीये, असं दिसलं की तिथंच थांबा, पुढची दहा मिनिटं त्या जोडीवरच नजर ठेवा.

पण हे मार्क मोकळ्या फिरणाऱ्या गाईंसाठी आहेत. आपल्याकडं अजून किती गोठे असे की गाय सकाळ-संध्याकाळ एकाच खुंट्याला, पुढं गव्हाण, मागं गटार. ती चढणार कुणावर आणि तिच्यावर चढणार कोण? सगळ्यात मोठ्या मार्कांच्या खुणा तिथं उगवतच नाहीत. उरतात फक्त बारीक खुणा, आणि त्या एकत्र जोडून वाचाव्या लागतात.

बांधलेल्या गाईत मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो तो सोटावर, काही भागात याला बळस म्हणतात. हा बघायचा पहाटे, गोठा झाडायच्या आधी! रात्री गाय बसते, पोटाचा दाब येतो आणि सोट बाहेर पडून तिच्या मागं फरशीवर चिकट तार पडते. आपण उठल्या उठल्या खराटा आणि पाण्याचा पाइप घेतो आणि सगळा पुरावा गटारात जातो. आधी बॅटरी घेऊन एकेका गाईच्या मागं बघा, मग शेण काढा. माजाच्या सुरुवातीला सोट पातळ, पाण्यासारखा असतो, भरात आला की काचेसारखा स्वच्छ, अंड्याच्या पांढऱ्यासारखा, मागच्या पायाच्या सांध्यापर्यंत लोंबला तरी तुटत नाही, आणि उतरतीला लागला की घट्ट, थोडा गढूळ होतो आणि ओढला की तुटतो. फरशीवर काही नसेल तर शेपटीचा गोंडा आणि दोन्ही पुठ्ठे बघा, तिथं वाळलेला सोट चकचकीत पापुद्र्यासारखा चिकटलेला असतो, आणि मातीसुद्धा तिथंच जास्त चिकटते. सोटात पांढऱ्या-पिवळ्या पुवाच्या गुठळ्या असतील, वास येत असेल, तर भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायची, घाई करू नका, गर्भाशयात इन्फेक्शन आहे, आधी ट्रीटमेंट.

मग निरण, म्हणजे योनीचं बाहेरचं तोंड, बघा. एरवी सुरकुतलेली असते, माजात सुजून गुळगुळीत दिसते, आतली बाजू फिकट गुलाबी असते ती लालसर आणि ओलसर होते. एकदा बघून काही कळणार नाही, शेजारच्या गाईशी किंवा तिच्याच कालच्या अवस्थेशी तुलना करावी लागते. थोडी थोडी लघवी वारंवार करते, शेपटी जराशी बाजूला धरते, शेपटीच्या मुळाशी हात दाबला तर पाठ वाकवते.

धारेला बसणारा माणूस हे सगळ्यांच्या आधी ओळखतो, आणि आपल्याकडं बऱ्याच घरांत धारा काढणारी घरातली बाई असते. पान्हा चोरतेय, कालच्यापेक्षा लिटर-दीड लिटर कमी आलं, पेंड अर्धी ठेवली, कान टवकारून सारखी दाराकडं बघतेय, शेजारच्या सगळ्या बसून रवंथ करतायत आणि ही एकटीच उभी, हे तिला दिसतं. पण डॉक्टरला फोन करतो तो घरातला पुरुष, आणि कित्येकदा तिला विचारलंच जात नाही. हा मुद्दा मी मुद्दाम ठासून लिहितोय, कारण सकाळी धार काढताना दिसलेली गोष्ट दुपारी जेवताना बोलली गेली तर अर्धा दिवस गेलेला असतो.

दूध कमी येणं एकट्यानं काहीच सिद्ध करत नाही हेही तितकंच खरं, ताप असेल, चारा बदलला असेल, दगडी, म्हणजे कासेचा आजार, असेल तरी कमी येतं. हंबरणं तर भूक लागली, पाणी नाही, वासरू दुसरीकडं नेलं, कशानंही होतं. म्हणून निदान दोन-तीन खुणा एकत्र आणि तारखेशी जुळणाऱ्या असल्या पाहिजेत.

तारखेचं एक फार सोपं आहे. 21 दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणजे गाय मंगळवारी माजावर आली असेल तर पुढची अपेक्षा तीन आठवड्यांनी, मंगळवारीच. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला गाईचं नाव लिहायचं आणि तीन आठवडे पुढच्या त्याच वाराला पुन्हा लिहायचं. त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारपासून नंतरच्या शुक्रवारपर्यंत त्या गाईकडं खास लक्ष. भरवलेली असो वा नसो, लिहायचंच, आणि व्यायल्यावर पहिले दोन महिने भरवायचं नसतं तेव्हासुद्धा लिहायचं, कारण त्या नोंदीवरूनच कळतं की तिसऱ्या महिन्यात नेमकं कोणत्या आठवड्यात डोळ्यात तेल घालून बघायचं.

एवढा आटापिटा कशासाठी ते एकदा हिशोबानं बघू. गाईचा गर्भकाळ साधारण 280 दिवस. वर्षाला एक वासरू हवं असेल तर 365 वजा 280, म्हणजे व्यायल्यापासून 85 दिवसांत ती गाभण राहिली पाहिजे. त्यातले पहिले 60 दिवस गर्भाशय सावरायला सोडले तर हातात उरले 25 दिवस, म्हणजे जेमतेम एक माज! तेरा महिन्यांचं अंतर चालेल म्हटलं तर 55 दिवस मिळतात, म्हणजे दोन माज, नशीब असेल तर तीन. एक चुकला की 21 दिवस गेले, आणि हे 21 दिवस वेताच्या शेपटाला जोडले जातात जेव्हा दूध आटलेलं असतं पण खाणं चालूच असतं. गाईचा रोजचा खर्च 250 रुपये धरला तर 21 दिवसांचे 5,250 रुपये होतात. वेताच्या शेवटाला थोडंफार दूध येतं त्यातून काही भरून निघतं, पण पुढचं वेत लांबतं ते लांबतंच.

आता भरवायची वेळ. सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. याच्यामागं अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात ट्रिंबर्गर यांनी 1940 च्या दशकात केलेलं काम आहे. माज सुरू झाल्यापासून साधारण 24 ते 32 तासांनी बीज सुटतं, म्हणजे खुणा संपल्यावर दहा-बारा तासांनी, आणि सुटलेलं बीज फलनासाठी काही तासच चांगलं राहतं. उलट शुक्राणूंना आत गेल्यावर तयार व्हायला काही तास लागतात आणि ते साधारण दिवसभर टिकतात. म्हणजे शुक्राणू आधी पोचून वाट बघत पाहिजेत, पण फार आधीही नकोत. गाय ओरडायला लागली की लगेच फोन आणि तासाभरात रेतन, हे लवकर होतं, आणि सोट घट्ट होऊन तुटायला लागल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले तर उशीर होतो. कालवड हवी म्हणून लिंगनिश्चित सिमेन वापरत असाल तर त्यातले शुक्राणू कमी वेळ टिकतात, त्यामुळं तिथं वेळ थोडी पुढं सरकवतात, ते डॉक्टरशी बोलून ठरवा.

या नियमातली खरी अडचण वेगळीच आहे, 'सकाळी दिसला' म्हणजे सुरू कधी झाला? रात्री नऊला बघितली होती तेव्हा काही नव्हतं आणि सकाळी सहाला सोट लोंबतोय, तर तो दहालाही सुरू झाला असेल आणि पाचलाही. म्हणून डॉक्टरला फोन करताना 'गाय माजावर आलीये' एवढंच सांगू नका, शेवटचं कधी बघितलं होतं, तेव्हा सोट होता का, आत्ता कसा आहे, एवढं सांगा. ते सांगितलंत तर डॉक्टर वेळ नीट धरू शकतात. भरवल्यावरही बारा तासांनी पुन्हा बघा, अजून भरात असेल तर दुसऱ्यांदा भरवायचं का ते विचारा.

पुष्कळशा गाई रात्रीच्या थंडाव्यात जास्त दाखवतात, उन्हाळ्यात तर हे फारच. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात दिवसा गाय धापा टाकत उभी असते, तिला कशाचंच भान नसतं, माजाचे तास कमी होतात आणि खुणाही मंदावतात. म्हणून पहाटे धारेच्या आधी आणि रात्री झोपायच्या आधी, असं दोनदा तरी वीस-तीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा, आणि जमलं तर दुपारी एकदा. धार काढताना, चारा टाकताना बघितलेलं यात धरू नका, त्यावेळी गाईंचं लक्ष गव्हाणीकडं असतं. देशी गाईत, गीर-खिलारमध्ये, माज कमी तासांचा आणि बराचसा गुपचूप असतो. म्हशीचं तर वेगळंच, ती दुसरीवर फारशी चढतच नाही, सोट लोंबत नाही, बसली की खाली गळतो, त्यामुळं म्हैस बसलेली असताना मागं बघायचं, आणि हंबरणं, पान्हा चोरणं, वारंवार लघवी याच्याकडं जास्त लक्ष द्यायचं. उन्हाळ्यात म्हशी माज फारच कमी दाखवतात, पावसाळा सरून थंडी लागली की खुलतात.

दोन-चारच गाई असतील आणि मुक्त संचार गोठा बांधणं शक्य नसेल तरी एक करता येतं, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास दावं सोडून सगळ्यांना एकत्र अंगणात मोकळं सोडा, जमीन मातीची असावी, गुळगुळीत कोब्यावर गाय घसरायच्या भीतीनं चढतच नाही. खूर दुखत असेल, पाय लंगडत असेल तरी चढत नाही, ते आधी बघून घ्या. एकच गाय असेल तर शेजाऱ्याच्या गाईजवळ थोडा वेळ न्या. शेपटीच्या मुळापासून पुढं कण्यावर रंगीत खडूचा जाड पट्टा ओढून ठेवायची युक्तीही चांगली चालते, रात्री कुणी वर चढलं असेल तर सकाळी पट्टा पुसलेला दिसतो, पण हे मोकळ्या गाईंसाठीच, आणि पट्टा पुसला म्हणजे माज पक्का असं नाही, खांबाला अंग घासूनही पुसतो. मोठ्या गोठ्यात गळ्यात किंवा पायात बांधायचे सेन्सर आलेत, गाय माजात दुप्पट-तिप्पट चालते आणि रवंथ कमी करते ते मोजून मोबाइलवर मेसेज येतो. पंचवीस-तीस गाई मोकळ्या असतील तर विचार करण्यासारखं आहे, खुंट्याला बांधलेल्या चार गाईंना त्याचा तेवढा उपयोग नाही, कारण चालणंच नाही तर मोजणार काय.

माज होऊन गेल्यावर एक-दोन दिवसांनी शेपटीला रक्त दिसलं की घरात काळजी सुरू होते, रक्त गेलं म्हणजे गाय लागली नाही असं पक्कं समजतात. तसं काही नाही. इस्ट्रोजेन खाली आल्यावर गर्भाशयाच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून थोडं रक्त येतं, गाय गाभण राहो वा न राहो. माज बघितलाच नव्हता आणि एकदम रक्तच दिसलं, तर त्याचा अर्थ दोन दिवसांपूर्वी माज हुकला. आता भरवून उपयोग नाही, पण ही तारीख सोन्यासारखी आहे, कॅलेंडरवर लिहा आणि सोळा-सतरा दिवसांनी लक्ष ठेवायला लागा.

आणि खरोखर न येणाऱ्या गाई. व्यायल्यानंतरचं पहिलं बीज बहुतेक वेळा काहीच खुणा न दाखवता सुटतं, हा खरा मुका माज, त्याला कुणाचा दोष नाही. व्यायल्यावर गाय फार खराब झाली, दूध अंगावरून निघतंय आणि खाणं पुरत नाही, तर अंडाशय झोपूनच राहतं, तिथं कितीही पहाटे उठलात तरी काही दिसणार नाही, तिचं खाणं सुधारावं लागतं. काही गाईंच्या अंडाशयावर फोड फुटत नाही, मोठा होऊन तसाच राहतो, अशी गाय दर चार-सहा दिवसांनी माजावर आल्यासारखी करते, सारखी दुसऱ्यांवर चढते, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडतात, तिला दरवेळी भरवत बसण्यात पैसे जातात. व्यायल्यापासून 60 दिवस झाले आणि एकही नोंद नाही तर डॉक्टरकडून तपासून घ्या, वाट बघू नका. पिवळी गाठ असेल तर इंजेक्शननं माजावर आणता येते, आणि ठरलेल्या दिवशी तीन इंजेक्शनं देऊन माज न बघता ठरल्या वेळी भरवायची पद्धतही आहे, 1995 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून ती पुढं आली आणि ओव्हसिंक नावानं आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. पण भरवलेली गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की नाही हे बघायला तीन आठवड्यांनी पुन्हा तुमचीच नजर लागते.

शेवटचं आणि काळजीचं, काही गाभण गाईही मधेच माजाच्या खुणा दाखवतात, चढतात, क्वचित उभ्याही राहतात. दोन-तीन महिन्यांपूर्वी भरवलेली गाय अचानक अशी वागली तर लगेच सिमेन भरायला सांगू नका, आधी गाभण तपासणी करून घ्या, कारण गाभण गर्भाशयात नळी गेली तर गाभ पडू शकतो. सोट नीट बघा, घट्ट, चिकट, लोंबत नसलेला असेल तर शंका घ्या, आणि तपासणीत गाभण निघाली तर कॅलेंडरवर तेही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी घरातलं दुसरं कुणी परस्पर फोन करणार नाही.